बर्लिनची कप फायनल आणि तिसऱ्या डिव्हिजनचं बीलेफेल्ड

डीएफबी पोकाल म्हणजे जर्मनीचा फुटबॉल कप, आणि त्याच्या फायनलला तिसऱ्या डिव्हिजनची टीम पोचणं किती दुर्मिळ, तर आर्मिनिया बीलेफेल्डच्या आधी फक्त तिघांना जमलेलं: १९९३ ला हेर्था बर्लिनची राखीव टीम, १९९७ ला कोटबुस, २००१ ला युनियन बर्लिन. तिघेही हरले. त्यामुळे जर्मनीतल्या मित्राला आर्मिनियाचा मेंबर म्हणून दोन तिकिटं मिळाली आणि तो चल म्हणाला, तेव्हा विचार करायचा प्रश्नच नव्हता.

२४ मे २०२५, शनिवार. बर्लिनच्या ट्रेनमध्ये कडेवरच्या पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात काळे-पांढरे-निळे स्कार्फ, आणि प्रत्येकाच्या तोंडी लेव्हरकुसेनच! सेमीफायनलला गतविजेत्या लेव्हरकुसेनला २-१ ने हरवलं होतं ना, आणि त्याआधी युनियन बर्लिन, फ्रायबुर्ग, ब्रेमेन, म्हणजे बुंडेसलीगातल्या (पहिल्या डिव्हिजनच्या) चार टीम ओळीने गारद. यात पोकालच्या नियमाचाही वाटा आहे, तिसऱ्या किंवा त्याखालच्या डिव्हिजनचा क्लब वरच्या क्लबशी भिडला की मॅच त्याच्याच मैदानावर होते, आणि एकाच मॅचमध्ये निकाल. त्यामुळे फायनलपर्यंतच्या पाचही मॅच बीलेफेल्डच्या आल्मवर झाल्या, जिथे स्टँड मैदानाला अगदी खेटून आहेत. मला हा नियम फार न्याय्य वाटतो, लहान गावातल्या माणसाला मोठी टीम आपल्या दारात बघायला मिळते. फायनल मात्र १९८५ पासून दरवर्षी बर्लिनलाच.

ऑलिम्पिक स्टेडियम अवाढव्य आहे, मधे ट्रॅक असल्यामुळे खेळाडू लांब दिसतात. त्याच आवारात १९३६ चं हॉकी स्टेडियम आहे, १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या टीमने जर्मनीला ८-१ हरवलं ते तिथेच. मित्राला हे माहीत नव्हतं, त्याला सांगताना खूप अभिमान वाटला.

आठ वाजता मॅच सुरू झाली. समोर बुंडेसलीगातलं स्टुटगार्ट. पहिला मोठा चान्स आपलाच, पण सारेनरेन बाझीचा शॉट बारला लागला आणि अख्खा स्टँड डोक्याला हात लावून उभा, आणि मग १५ व्या मिनिटाला वोल्टेमाडे, २२ व्या मिनिटाला मियो, २८ व्या मिनिटाला उंडाव... अर्ध्या तासात ०-३. डिव्हिजनचा फरक म्हणजे काय ते इथे दिसलं, आपल्या एका चुकीच्या पासवर ते लोक दोन सेकंदात गोलपाशी. ६६ व्या मिनिटाला मियोने चौथा मारला.

पण आपल्या बाजूचा एकही माणूस उठून गेला नाही! उलट आवाज वाढतच गेला, शेजारचे आजोबा तर बसायलाच तयार नव्हते. ८२ व्या मिनिटाला कानियाने गोल मारला आणि आम्ही अनोळखी लोकांच्या गळ्यात पडलो, तीन मिनिटांनी वाग्नोमानच्या पायाला लागून बॉल त्यांच्याच जाळ्यात गेला, २-४. उरलेल्या मिनिटांत खरंच वाटायला लागलं होतं की अजून एक झाला तर काहीही होऊ शकतं. नाही झाला. कप स्टुटगार्टला गेला, त्यांचा चौथा, आणि चांगले खेळले म्हणून जिंकले.

आर्मिनिया त्याच्या आठवडाभर आधीच तिसरी लीग जिंकून दुसऱ्या डिव्हिजनला चढले होते, त्यामुळे परतताना गाणी चालूच. जर्मनीत राहत असाल तर ऑगस्टमधली पोकालची पहिली फेरी चुकवू नका, जवळच्या एखाद्या छोट्या क्लबच्या मैदानावर जाऊन बघा.