कागदी दोराची बैठक आणि सागाचा साइडबोर्ड : तिसऱ्या महिन्याची नोंद

हाती घेतलेल्या तीन वस्तूंपैकी ओकची खुर्ची आता पूर्ण झाली आहे, सागाच्या साइडबोर्डचा (म्हणजे खणांच्या बुटक्या, लांबट कपाटाचा) वरचा पृष्ठभाग तेल पिऊन सुकतो आहे आणि त्याच्या वर टांगायचे मुद्राचित्र नव्या माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत) बसले आहे. तिन्ही वस्तू साधारण १९५० ते १९६५ या काळातल्या आहेत. काम सुरू करताना मी एकच नियम ठरवला होता, की आपण जे काही करू ते पुढे ही वस्तू ज्याच्या हाती जाईल त्याला मूळ लाकडाला किंवा कागदाला धक्का न लावता काढून टाकता आले पाहिजे. या महिन्यात त्या नियमामुळे कामाचा वेग बराच कमी झाला, पण तो नियम मला मोडावासा वाटला नाही.

खुर्चीवर कुणाचाही शिक्का नाही. तिचे सरळ पाय, गोल आडव्या पट्ट्या आणि पाठीची एकच रुंद फळी पाहिली की डॅनिश फर्निचर-रचनाकार बोर्गे मोगेनसेनच्या १९४७ सालच्या जे ३९ या खुर्चीची आठवण होते, परंतु नुसत्या साम्यावरून एखाद्या वस्तूला मोठे नाव चिकटवणे मला मान्य नाही. त्या काळात डेन्मार्कमध्ये आणि बाहेरही अशा साध्या, रोजच्या वापराच्या खुर्च्या अनेकांनी केल्या, आणि त्यांतल्या निनावी खुर्च्यांची जोडणीही पुष्कळदा तितकीच निगुतीने केलेली आढळते.

सांध्यांचे काम लवकर आटोपले. मागच्या दोन पायांचे सांधे हलत होते आणि त्यांतून मधाच्या रंगाची ठिसूळ पूड गळत होती, त्यावरून आत जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस असावा असे वाटले. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाची पट्टी सांध्याभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवल्यावर तो मऊ झाला आणि सांधा हातानेच सुटला. पुन्हा जोडताना मी सरसच वापरला. नवा सरस जुन्या सरसाच्या अंशाला धरतो आणि ऊब व ओल देऊन केव्हाही सोडवता येतो. बाजारातला पांढरा गोंद मजबूत असतो हे खरे, पण तो एकदा सांध्यात मुरला की त्याच्यावर दुसरा कोणताही गोंद नीट बसत नाही आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी लाकूडच तासावे लागते.

खरा वेळ गेला तो बैठकीत. जुनी बैठक कागदी दोराची होती आणि पुढच्या कडेला तिचे पाच-सहा पदर तुटून खाली लोंबत होते. हा दोर म्हणजे कागदाच्या तीन पदरांना पीळ देऊन केलेली सुतळीच असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खुर्च्या विणायला लागणाऱ्या समुद्री गवताची टंचाई पडली तेव्हा त्याची जागा या दोराने घेतली, आणि टंचाई संपल्यावरही तो टिकून राहिला. दुसरा डॅनिश रचनाकार हान्स वेग्नर याने १९४९ साली आरेखित केलेल्या आणि १९५० पासून अखंड तयार होत असलेल्या विशबोन खुर्चीची बैठक आजही याच दोराने हातांनी विणतात आणि एका बैठकीला सुमारे १२० मीटर दोर लागतो.

जुना दोर कापण्याआधी मी चारही बाजूंनी आणि खालूनही छायाचित्रे काढली, एका इंचात किती पदर बसले आहेत ते मोजले (आठ भरले) आणि मग मधोमध धारदार सुरीने छेद दिला. दोन थरांच्या मध्ये पुठ्ठ्याचे त्रिकोण निघाले. वरचा दोर वापराने आणि उजेडाने गडद तपकिरी झाला होता, पण पुठ्ठ्याला टेकलेली आतली बाजू अजून फिकट पिवळसर होती, आणि नवा दोर निवडताना मी त्याच रंगाशी ताडून पाहिला. दोराची जाडी ३.२ मिलिमीटर भरली.

बैठक समलंब चौकोनी आहे. पुढचा दांडा ४८ सेंटिमीटर, मागचा ३६ आणि बाजूचे दोन्ही ४० सेंटिमीटर लांब आहेत. त्यामुळे थेट चारही कोपऱ्यांभोवती विणायला घेतले तर मागचा दांडा आधी भरतो आणि पुढे मधोमध १२ सेंटिमीटरची फट उरते. त्यावर उपाय म्हणून आधी फक्त पुढचे दोन कोपरे भरावे लागतात. मी सव्वा मीटरचे १९ तुकडे कापले. प्रत्येक तुकडा डाव्या बाजूच्या दांड्याच्या आत लहान खिळ्याने अडकवून पुढच्या दांड्यावरून खाली, मधून वर, डाव्या दांड्यावरून खाली आणि मग आडवा नेला. उजव्या कोपऱ्यात तीच चाल उलट क्रमाने करून त्याचे टोक उजव्या दांड्याला ठोकले. १९ तुकडे बसल्यावर पुढची उघडी जागा मागच्या दांड्याइतकी झाली आणि तिथून अखंड दोराने चारही कोपऱ्यांचे फेरे सुरू झाले.

पहिल्या संध्याकाळी वीस फेरे झाले आणि मी समाधानाने काम थांबवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात पाहिले तेव्हा मागच्या डाव्या कोपऱ्यातून मध्याकडे येणारी तिरकी शिवण सरळ न येता बाजूच्या दांड्याकडे झुकलेली दिसली. गुण्या लावल्यावर कारण कळले. दोर मागच्या दांड्यावरून वळवताना मी तो माझ्या बाजूला ओढत होते, म्हणून बाजूच्या दांड्यावरचा पदर त्याला काटकोनात न छेदता थोडा तिरपा छेदत होता, आणि ती एक-दोन अंशांची चूक प्रत्येक फेऱ्यात वाढत गेली होती. अकरा फेरे उलगडावे लागले. उलगडलेला दोर जिथे दांड्यावर वळला होता तिथे त्याचा पीळ सैल पडला होता, म्हणून तो पुन्हा वापरला नाही. त्यानंतर दर पाच फेऱ्यांनी गुण्या लावायचा, पदर लाकडी ठोकळ्याने एकमेकांशी दाबून घ्यायचे आणि उठताना दोर क्लॅम्पने दांड्याला पक्का धरून ठेवायचा, अशी शिस्त घालून घेतली. क्लॅम्प न लावता उठले तर ताण सुटतो आणि तो ढिलेपणा पुढच्या फेऱ्यांनी झाकला गेला तरी बसल्यावर जाणवतोच.

एकूण ५३ फेऱ्यांनंतर बाजूचे दांडे भरले आणि मधोमध दोन सेंटिमीटरची फट राहिली. तिथे पुढच्या दांड्यावरून मागच्या दांड्याकडे, मधल्या छेदातून खाली-वर होत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे पदर घातले. शेवटचा पदर आत ओढायला बोथट सुई आणि चिमटा दोन्ही लागले. दोर जोडतानाच्या सगळ्या गाठी खालच्या बाजूला, दोन थरांच्या मध्ये दडवल्या आहेत. वाया गेलेला दोर सोडून ११५ मीटरपेक्षा थोडा अधिक दोर बैठकीत गेला. बोटांनी टिचकी मारली की ती आता ताणलेल्या चामड्यासारखी वाजते, आणि हा आवाज मला फार आवडतो.

ओकच्या चौकटीवर कोणताही थर चढवला नाही. डेन्मार्कमध्ये ओक आणि बीच या फिकट लाकडांना साबणाच्या चुऱ्याचे पाणी देण्याची जुनी रीत आहे. त्याने लाकूड पिवळे पडत नाही, हाताला कोरडे व मऊ लागते आणि डाग पडला तर त्याच पाण्याने पुन्हा धुता येते. दोन हात दिल्यावर लाकडाच्या उठलेल्या रेषा बारीक पॉलिशपेपर हलका फिरवून बसवल्या.

साइडबोर्डच्या बाबतीत सर्वांत आधी जुना थर कशाचा आहे हे ओळखणे भाग होते. मागच्या, न दिसणाऱ्या कडेवर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावले. चपड्याचे पॉलिश असते तर ते चिकट झाले असते, पण तसे काही झाले नाही. मग थिनर लावला, त्याने लॅकर मऊ पडते, पण तिथेही पृष्ठभाग तसाच राहिला. उघड्या रेषा आणि त्यांत मुरलेला गडदपणा पाहता हे तेलाचे काम आहे, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे काम सोपे झाले, कारण तेलाचा पृष्ठभाग खरवडून काढावा लागत नाही. सौम्य साबणाने मळ काढला, वाळू दिले आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने रेषांच्या दिशेने जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला. तेलाची फडकी मात्र कधीही चुरगाळून ठेवू नयेत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेत सुकते, त्यात उष्णता निर्माण होते आणि गठ्ठा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. मी ती एकेरी पसरून वाळवते किंवा पाण्यात भिजवून ठेवते.

उजव्या कोपऱ्यात पूर्वी कुणीतरी यंत्राने घासले आहे आणि तिथे सागाचे व्हीनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) संपून खालचे फिकट लाकूड बोटभर उघडे पडले आहे. फळीच्या मागच्या कडेला व्हीनियर मोजले तर ते जेमतेम ०.६ मिलिमीटर भरते, म्हणजे यंत्र दोन-तीनदा फिरवले तरी परत न मिळणारी वस्तू नाहीशी होते. त्या जागी नवा तुकडा बसवायचा तर आजूबाजूचे शाबूत व्हीनियर कापावे लागले असते. त्याऐवजी पातळ चपड्यात रंगद्रव्य कालवून बारीक ब्रशने सागाच्या रेषा रंगवल्या. जवळून पाहणाऱ्याला दुरुस्ती दिसते, दोन हातांवरून दिसत नाही, आणि स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसता येते. डाव्या कडेला सुटलेले व्हीनियर ओलसर कापडावरून कोमट इस्त्री फिरवल्यावर खालच्या जुन्या सरसानेच पुन्हा धरले. वरच्या फळीवरचा शाईचा एक डाग मी तसाच ठेवला आहे.

मुद्राचित्र एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून त्यावरून छापलेले चित्र. दहापट भिंगाखाली छापील प्रतीत दिसणारे रंगीत ठिपके कुठेही नाहीत, रेषांवरची शाई कागदापासून किंचित उचललेली आहे आणि चित्राभोवती पत्र्याच्या दाबाचा खोलगट ठसा बोटाला लागतो. जुन्या माउंटच्या आम्लाने कागदाच्या कडेला तपकिरी पट्टा उमटला आहे. तो काढणे हे कागद-संवर्धकाचे काम आहे, म्हणून मी त्याला हात लावलेला नाही. आम्लमुक्त माउंटबोर्ड घेतला आणि जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने फक्त वरच्या कडेला चिकटवून चित्र लटकते ठेवले, म्हणजे हवेतल्या ओलीने कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. ती खळ पाण्याने सुटते. काच आणि कागद यांच्यात माउंटच्या जाडीइतके अंतर आहे. चित्र खिडकीच्या समोरच्या भिंतीवर न लावता बाजूच्या भिंतीवर, साइडबोर्डपासून १८ सेंटिमीटर वर टांगणार आहे. संग्रहालये कागदावरच्या कामांसाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतकाच उजेड ठेवतात. राहत्या घरात ते कठीण आहे, पण थेट ऊन टाळणे नक्कीच जमते.

खुर्चीच्या जुन्या दोराचा वीतभर तुकडा, त्याची मोजमापे आणि विणल्याची तारीख एका पाकिटात घालून ते पाकीट बैठकीच्या खालच्या दांड्याला सुती दोऱ्याने बांधले आहे. आता साइडबोर्डचे खण बाकी आहेत. त्यांच्या तळाच्या सरकपट्ट्या झिजल्यामुळे मधला खण पुढे झुकतो. आधी पट्ट्यांना मेण लावून पाहीन, आणि तेवढ्याने भागले नाही तरच सागाची पातळ पट्टी सरसाने चिकटवीन.