एलडीएलच्या रकान्यात नुसत्या रेघा : माझा अनुभव

रिपोर्टमध्ये सगळे आकडे आले होते, फक्त एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात तीन आडव्या रेघा. त्या रेघांपायी जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझं वय ४४, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी, वडिलांची बायपास झालेली. कंपनीच्या चेकअपमध्ये उपाशीपोटीची शुगर ११४ आली म्हणून आमच्या डॉक्टरांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) लिहून दिलं. रक्त देणं, बिल भरणं सगळं पटकन झालं. रात्री मोबाईलवर पीडीएफ आली. एकूण कोलेस्टेरॉल २३६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) ४३८, एचबीएवनसी ६.२, आणि एलडीएल रेघा.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून थेट लॅबमध्ये गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टीमच घेत नाही, बाकी रिपोर्ट ओके आहे." ट्रायग्लिसराइड १५० च्या आत पाहिजे तिथं ४३८, आणि ही म्हणते ओके! डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले डायरेक्ट एलडीएल, म्हणजे थेट मोजलेलं, करून आणा. परत लॅब. आता म्हणे नवीन सॅम्पल द्या, परत बारा तास उपाशी राहा, वेगळं बिल होईल. मी म्हटलं अहो कालचंच रक्त आहे ना तुमच्याकडं, त्यातूनच करा. तर म्हणे इथं फक्त कलेक्शन होतं, सॅम्पल मुंबईला जातं, कस्टमर केअरला फोन करा. कस्टमर केअरवाले म्हणे सेंटरला विचारा. सेंटरवाले म्हणे आमच्या हातात नाही. माझ्या शेजारी एक काका उभे होते, त्यांच्याही रिपोर्टवर तशाच रेघा, आणि त्यांना सांगत होते "नॉर्मल असेल काका, काळजी करू नका". काका कागद घडी करून खिशात घालून निघाले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी तिथंच ठाण मांडून बसलो, म्हटलं समजावून सांगणारं कोणीतरी बोलवा, तोवर मी हलत नाही.

शेवटी आतून एक टेक्निशियन आला आणि त्यानं दोन मिनिटांत सांगितलं. बऱ्याच ठिकाणी एलडीएल मोजतच नाहीत, हिशोबानं काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, राहिलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो पाचवा भाग धरून चालत नाही, हिशोब चुकतो, म्हणून आकडा छापत नाहीत. एवढंच! ही एक ओळ रिपोर्टखाली मराठीत छापली असती तर ते काका काळजी नाही असं समजून घरी गेले नसते. रेघा म्हणजे नॉर्मल नाही हो, उलट ट्रायग्लिसराइड फार वाढलंय म्हणूनच त्या आल्यात.

नवीन सॅम्पल द्यावंच लागलं, पैसेही गेले. डायरेक्ट एलडीएल १३१ आलं. मग डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती आधी माहीत असती तर एवढे दिवस टांगून राहिलो नसतो. एकूणमधून एचडीएल वजा करा, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे चांगलं सोडून बाकी सगळं कोलेस्टेरॉल. माझं २३६ वजा ३४ म्हणजे २०२. याला वेगळी टेस्ट नाही, जास्तीचा पैसा नाही, ट्रायग्लिसराइड कितीही वाढलेलं असो हा आकडा निघतोच. एलडीएलचं जे टार्गेट दिलं असेल त्यात ३० मिळवायचे, ते याचं टार्गेट. एलडीएल १०० च्या आत हवं तर हे १३० च्या आत.

मग त्यांनी बीपी घेतलं, १३८/८८. आणि कंबर. मी म्हटलं ३४ ची पँट घालतो, तर म्हणाले पँट पोटाखाली बसते, ती धरायची नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून. घरी बायकोनं शिवणाच्या टेपनं मोजली, ९८ सेंटीमीटर. आपल्याकडं पुरुषांना ९० आणि बायकांना ८० च्या वर गेली की धोका धरतात. कंबर, बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल या पाचांतले तीन बिघडले तरी मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका वाढलेला, माझे पाचही बिघडलेले. एकेकटा बघितला तर प्रत्येक आकडा "थोडासाच जास्त" वाटतो, तिथंच फसगत होते.

थायरॉईडही तपासलं, कारण त्यानंसुद्धा ट्रायग्लिसराइड वाढतं. दारू आणि साखरेनं तर वाढतंच, आणि ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती. गोळी सुरू झाली, नाव लिहीत नाही, ज्याची त्याची वेगळी असते. कंपनीतला गोड चहा बंद, रविवारी मिसळ खातो पण पाव एकच, आणि रोज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पाऊण तास चालतो. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड १८६, नॉन-एचडीएल १४८, एचबीएवनसी ५.९. नॉन-एचडीएल अजून १३० च्या आत आणायचंय, पण कागद हातात आला तेव्हा खरंच अभिमान वाटला.

हो, राहिलंच, टेस्टच्या आधी पाणी प्यायलं तरी चालतं, आणि आदल्या रात्री पार्टी नको. बायकांनी एचबीएवनसीबरोबर हिमोग्लोबिनही बघावं, लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. धाकट्या भावाची टेस्ट आता पुढच्या आठवड्यात आहे. त्याला सांगून ठेवलंय, रक्त द्यायच्या आधीच काउंटरवर विचार, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर याच सॅम्पलमधून डायरेक्ट एलडीएल करून देणार का, आणि नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघ.