आधी कान बघ!

माझ्या विनोदी रहस्यकादंबरीचं अडलेलं प्रकरण आज सुटलं, मामांमुळे. विम्याच्या दाव्यांचा तपास करण्यात त्यांची हयात गेली. माझ्या गोष्टीत, विम्यासाठी मेलेली दाखवलेली म्हैस शेजारच्या गोठ्यात निवांत रवंथ करत असते. मामा म्हणाले, "अगं, आधी कान बघ तिचा!" जनावराच्या विम्यात कानातला ओळखीचा बिल्ला नाही तर दावा नाही. हल्ली त्यावर १२ अंकी क्रमांक असतो. तो कानात एकदाच बसतो, काढायचा तर कापावाच लागतो. मामांनी जपून ठेवलेला एक पिवळा बिल्ला तळहातावर ठेवला. कापलेली कड बोटाला खरखरीत लागली आणि माझा तपासनीस तिथेच कामाला लागला! मामा तर हसून हसून खोकायला लागले. उद्या पहाटेच लिहायला बसतेय. म्हशीला छानसं नाव सुचवा ना कुणीतरी.