ज्वारी घरची, तरी हिशेबात: आमच्या घरच्या खर्च सर्वेक्षणाचा अनुभव

आमच्याकडे सर्व्हे म्हटलं की पहिली शंका रेशनकार्डाची. कार्ड कटेल, धान्य बंद होईल, मागाहून कर लागेल. २०२३ च्या ऑक्टोबरात कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घरांची यादी करायला माणसं फिरू लागली, तेव्हाही पारावर हेच बोलणं चाललं होतं. म्हणून आधी तेवढं स्पष्ट सांगते. हे घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण होतं, म्हणजे घरात महिनाभर काय खाल्लं, काय वापरलं, त्याची किंमत किती, हे मोजायचं काम. केंद्राच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाकडून ते १९५० पासून होत आलंय. त्यात घराचं उत्पन्न विचारत नाहीत. कार्ड कोणत्या प्रकारचं आहे हे विचारतात, पण दिलेली माहिती कायद्यानं गोपनीय राहते आणि आकडे सगळ्या घरांचे एकत्र करूनच छापतात. आमचं कार्ड होतं तसंच आहे.

आपलंच घर का, हाही प्रश्न सगळ्यांना पडतो. आधी गाव निवडलं जातं. मग गावातल्या, किंवा गाव मोठं असेल तर त्याच्या एका भागातल्या, सगळ्या घरांची यादी होते. यादी करताना जमीन किती हे विचारतात, म्हणजे मोठे बागायतदार, लहान शेतकरी आणि भूमिहीन अशी सगळ्या थरांतली घरं येतात. त्यातून अठरा घरं निघतात. आमचं त्यात निघालं. शेजारच्या काकूंना वाटत होतं की कुणीतरी मुद्दाम नाव दिलं. तसं काही नसतं.

पहिल्या भेटीला आलेली ताई तरुण होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ग्रामपंचायतीत पत्र दाखवून मगच ती वाडीत आली होती. मी पतसंस्थेत कामाला आहे. घरी पोहोचले तेव्हा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला ओसरीवर बसवून हिशेब सांगायला सुरुवातही केली होती. "महिन्याला पंधरा-वीस हजार धरा की." ती हसून म्हणाली, "काका, असा एकदम आकडा नाही चालत. एकेक वस्तू सांगायची."

आधी घरात माणसं किती ते ठरलं. एका चुलीवर जेवणारी ती एका घरातली, असा नियम. म्हणून आम्ही सहा जण. पुण्याचे भाऊजी धरले नाहीत. दर सुगीला त्यांच्याकडे ज्वारीचं पोतं जातं, पण ते त्यांच्या घरात शिजतं, तेव्हा तेही आमच्यात नाही.

या भेटीत वापराच्या वस्तू आणि सेवा होत्या: वीज, गॅस, पेट्रोल, मोबाईलचं रिचार्ज, साबण, औषधं, एसटीचं भाडं, शाळेचा खर्च. काहींचा ३० दिवसांचा हिशेब, तर शिक्षण आणि दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च ३६५ दिवसांचा. मामा अडले ते इथेच. त्यांच्या डोक्यात खर्च म्हणजे खत, बियाणं, मजुरी आणि गायीची पेंड. त्यातलं काहीच टॅबमध्ये जाईना. "मग आमचा खर्च धरलाच नाही की!" ताईनं समजावलं की तो शेतीधंद्याचा खर्च, इथे फक्त घरात वापरलेलं मोजायचं. मला हा नियम पटतो. नाहीतर ज्या वर्षी खताला जास्त पैसे गेले, त्या वर्षी शेतकरी थाटात राहिला असं कागदावर दिसलं असतं.

खाण्यापिण्याची भेट पुढच्या महिन्यात झाली, दिवाळी संपता संपता. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि तिथे आत्यांशिवाय कुणाचंच काही चालणार नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. स्वयंपाकघरातलं माप त्यांच्या हातात आहे.

ज्वारी किती, असा पहिला प्रश्न. आत्या म्हणाल्या, "विकत कुठं आणतोय? घरचीच हाय." विकत नाही म्हणजे खर्च नाही, असं त्यांचं म्हणणं. ताईनं शांतपणे सांगितलं, "आजी, घरचं खाल्लं तेही खाल्लंच ना? तेच लिहायचंय." मग गाडी मापावर आली. टॅबला किलो हवे होते आणि आत्या दळणाला पायलीनं ज्वारी काढतात. दर चौथ्या दिवशी दळण, कधी पायलीला वर मूठभर, पाहुणे आले तर आणखी. शेवटी आत्यांनी कणगीतून शेराचं माप भरून आणलं, हातानं वरची रास सपाट केली आणि मामांच्या तराजूवर ठेवलं. किलोला थोडं कमी भरलं. त्यावरून पायलीचं आणि महिन्याचं वजन काढलं. भाव सांगताना आत्यांनी कोरेगावच्या बाजारातला सांगितला, पण घरच्या मालाला शेतावर जो भाव मिळतो तो धरतात. घेवडा आणि शेंगदाणे तसेच लागले. दुधाचं, डेअरीला घातलेलं सोडून घरात राहिलं तेवढंच. रेशनचा तांदूळ, रेशनचा गहू आणि दुकानातून आणलेला तांदूळ यांच्या ओळी वेगवेगळ्या. भांगलणीच्या बायकांना दिलेलं जेवणही आमच्याच घरात धरलं, कारण ते आमच्या चुलीवर शिजलेलं.

तेल, भाजी, फळं, अंडी, मटण, मसाले यांचा हिशेब मागच्या सात दिवसांचा. भाजी महिन्याची विचारली तर कुणाला आठवणार? पण ते सात दिवस नेमके दिवाळीचे निघाले. चकल्या, शेव, करंज्यांनी तेलाचा डबा खाली गेलेला. आत्या ताईला परोपरीनं सांगत होत्या, "बाई, हे आमचं रोजचं नव्हं. एवढं तेल लिहू नकोस." त्यांना काळजी ही की आमचं घर उधळं दिसेल. ताई म्हणाली, लिहायचं तेच जे झालं. हा सर्व्हे ऑगस्टपासून जुलैपर्यंत वर्षभर चालतो. कुणाच्या वाट्याला दिवाळी येते, कुणाच्या श्रावण, कुणाच्या वाट्याला ऐन पावसाळ्यातले हात आखडलेले दिवस. लाखो घरांची बेरीज होते तेव्हा वर्षाचं खरं चित्र येतं. आम्ही दिवाळीतलं तेल कमी सांगितलं असतं आणि सगळ्यांनीच तसं केलं असतं, तर देशाच्या हिशेबात दिवाळी झालीच नसती.

तंबाखू आणि दारूच्या ओळी आल्या तेव्हा मामांनी तंबाखूची पुडी स्वतःहून सांगितली. असे आकडे घराघरांत कमीच सांगितले जातात. म्हणून या प्रश्नांच्या वेळी सगळ्या घरानं उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

बाहेरच्या खाण्याचं कुणालाच नीट सांगता येईना. माझे मिस्टर कामावर चहा-वडा खातात, तो त्यांनी आठवून सांगितला. पण पाच-दहा रुपयांची खाऊची पाकिटं? ती आमच्या धाकट्यानं सांगितली. शाळेसमोरच्या दुकानातून कोणत्या दिवशी काय घेतलं, पैसे आजोबांनी दिले की बाबांनी, सगळं त्याला पाठ. महिन्याला ती रक्कम ऐकून आम्ही चौघं मोठे एकमेकांकडे बघत राहिलो. पतसंस्थेत रोज दुसऱ्यांची खाती बघणाऱ्या मला आमच्याच घरातली ही ओळ माहीत नव्हती.

तिसरी भेट लवकर उरकली. कपडे, चपला, भांडी, फर्निचर, मोबाईल अशा टिकाऊ वस्तू, तेही वर्षभरातले. ऑनलाइन काय मागवलं हेही विचारलं. झेडपीच्या शाळेतून मिळालेला गणवेश फुकट मिळालेल्या वस्तूंत गेला. फुकट मिळालेल्या अशा काही वस्तूंची अंदाजे किंमत वेगळी काढतात.

तीन फेऱ्या कशाला, अशी मामांची तक्रार होती. चारशेहून जास्त वस्तू आहेत. २०११-१२ च्या सर्वेक्षणापर्यंत हे सगळं एका बैठकीत विचारायचे. शेवटच्या तासाला सांगणारा कंटाळून "नाही, नाही" म्हणत सुटला तर त्यात नवल नाही. तीन महिन्यांत वाटून विचारल्यानं आत्यांना पाठ टेकवून, चहा घेऊन, नीट आठवायला वेळ मिळाला.

याचा उपयोग काय, हे मला पतसंस्थेतल्या साहेबांनीही विचारलं होतं. महागाईचा निर्देशांक काढताना तेलाला किती वजन, म्हणजे हिशेबात किती महत्त्व, घरभाड्याला किती, शाळेला किती, हे या सर्वेक्षणावरून ठरतं. २०१७-१८ चे निकाल जाहीरच झाले नाहीत. त्यामुळे २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात वर्षानुवर्षं २०११-१२ ची वजनं चालत राहिली. महागाई भत्ता त्या जुन्या ताटावरून, म्हणजे २०११-१२ च्या खाण्या-वापरावरून, ठरत होता असं नाही, पण ज्या आकड्यावर व्याजदर ठरतात, तो त्याच ताटावरून निघत होता. मधल्या काळात आमच्या घरात मोबाईल आले, मुलांची पाकिटं आली आणि ज्वारी-बाजरी कमी झाली.

२०२३-२४ चा अहवाल आला तेव्हा मी तो शोधून वाचला. त्या वर्षी देशात २,६१,९५३ घरांना विचारलं होतं. ग्रामीण भागात माणशी महिन्याला सरासरी ४,१२२ रुपये, शहरात ६,९९६. फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली तर ४,२४७ आणि ७,०७८. २०११-१२ मध्ये त्या वेळच्या भावानं ग्रामीण १,४३० आणि शहरी २,६३० होते. ग्रामीण खर्चात खाण्याचा वाटा ४७ टक्के, आणि खाण्यात सगळ्यात मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचाही नाही. पेयं, नाश्ता आणि तयार पदार्थ यांचा, एकूण खर्चाच्या जवळजवळ १० टक्के. धाकट्याची पाकिटं त्याच ओळीत बसली असणार.

तुमच्या घरी हे सर्वेक्षण आलं तर ओळखपत्र आणि पत्र जरूर बघा. ओटीपी किंवा बँकेचा खातेनंबर आमच्याकडे कुणी मागितला नाही. कुणी मागू लागलं तर देऊ नका आणि ग्रामपंचायतीत विचारा. खाण्याच्या भेटीला स्वयंपाक करणारी बाई घरात असेल अशीच वेळ द्या आणि मुलांनाही जवळ बसवा. वीजबिल, गॅसच्या पावत्या, दवाखान्याचे आणि शाळेचे कागद एका पिशवीत काढून ठेवले की रक्कम बघून सांगता येते.