तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी सोडून सुपरवायझर व्हावे का?

आमच्या हबमधले, म्हणजे पार्सले जिथून वाटपाला निघतात त्या केंद्रातले, डिलिव्हरीचे चालक, आणि आता सिन्नर-आडगावकडच्या हबमधली मुलेही, मला गाठून एकच प्रश्न विचारतात : "नाना, साहेब म्हणतात सुपरवायझर हो. होऊ का?" मी नऊ वर्षे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून दिंडोरी-वणी मार्गावर पार्सलची पिकअप चालवली आणि गेली सहा वर्षे त्याच हबमध्ये सुपरवायझर म्हणून काम करतो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे. टपरीवर चहा पिता पिता त्याला "हो" किंवा "नको" म्हणून मोकळे होता येते, पण विचारणाऱ्याचे त्याने भागत नाही. म्हणून येथे सविस्तर लिहितो.

विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जण थकलेले असतात. दिवसातून ऐंशी-नव्वद वेळा गाडीतून उतरून पुन्हा चढणाऱ्या माणसाची कंबर आणि गुडघे पस्तिशीतच कुरकुरू लागतात. उन्हाळ्यात केबिन तापते, पावसाळ्यात पार्सल छातीशी धरून पळावे लागते, आणि संध्याकाळी फोन उचलला नाही की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. माझ्या पत्नीने नऊ वर्षे ही धास्ती सोसली आहे. अशा वेळी पंख्याखालची खुर्ची आणि महिन्याचा ठरलेला पगार डोळ्यांसमोर येतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. मात्र मी त्यांना आधी हेच सांगतो की थकवा हे गाडी सोडण्याचे कारण होऊ शकते, सुपरवायझर होण्याचे नव्हे. कंबरेसाठीच गाडी सोडायची असेल तर हबमध्ये स्कॅनिंगचे, रिटर्नचे (न वाटता परत आलेल्या पार्सलांचे) किंवा रोकड मोजण्याचे काम मागता येते. पगार फारसा वाढत नाही, पण दुसऱ्यांच्या कामाचा भारही डोक्यावर येत नाही.

चालकाच्या कामाला रोज शेवट असतो. संध्याकाळी मी हबला परत येत असे, रनशीट (त्या दिवशी वाटायच्या पार्सलांची यादी) आणि उरलेले रिटर्न जुळवून देत असे, सीओडीची, म्हणजे पार्सल देताना ग्राहकाकडून घेतलेली, रोकड खिडकीत मोजून पावती घेत असे, किलोमीटरचा आकडा वहीत लिहून किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत असे, आणि मग त्या दिवसाचे माझ्याकडे काहीही शिल्लक राहत नसे. आज माझ्याकडे चौदा गाड्या आहेत आणि त्या चौदांपैकी एखादीचे काहीतरी रोज उरतेच. मागच्या पावसाळ्यात भिवंडीहून येणारी रात्रीची गाडी कसारा घाटाच्या पायथ्याशी बंद पडली, तेव्हा पहाटे दोन वाजता चालकाचा फोन मलाच आला. दुसरी गाडी पाठवून भागले नाही. गाडीत मोठ्या किमतीचा माल होता, आणि ई-वे बिलाच्या (माल वाहून नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) "भाग ब"मध्ये नव्या गाडीचा क्रमांक भरल्याशिवाय तो पुढे हलवता येत नाही, म्हणून अंथरुणात बसून मोबाईलवर एकेक बिल उघडावे लागले. पहाटे साडेपाचला हबमध्ये पार्सलांची मार्गवार विभागणी सुरू होते, तिथेही मीच हवा होतो. असे रोज घडत नाही, पण कधीही घडू शकते हे मनात धरूनच झोपावे लागते. काही माणसांना हे सोसते, काहींना सोसत नाही, आणि यात कोणी कमी किंवा जास्त नाही. ज्याला किल्ली खिळ्याला अडकवण्याचा तो क्षण मनापासून हवा असतो, त्याने गाडीवरच राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून अवघड गोष्ट माणसांची आहे, आणि तिच्याविषयी बढतीच्या वेळी कोणी बोलत नाही. मला पद मिळून तिसरा आठवडा होता. माझ्याच जुन्या मार्गावर जाणाऱ्या एका चालकाच्या रनशीटवर अकरा पार्सलांपुढे "ग्राहक उपलब्ध नाही" अशी नोंद दिसली. अकराही नोंदी चार वाजून दहा मिनिटे ते चार वाजून सोळा मिनिटे एवढ्या वेळात झाल्या होत्या, आणि नकाशावर सगळ्यांची जागा एकच होती, लखमापूर फाटा. म्हणजे तो त्या घरांपर्यंत गेलाच नव्हता. त्या अकरांत वणीच्या पुढच्या एका वस्तीवरच्या आजींची औषधेही होती; त्या वस्तीवर मी स्वतः कित्येकदा गेलो होतो आणि आजी ओसरीवर बसून गाडीची वाट पाहतात हे मला ठाऊक होते. हा चालक म्हणजे मला या कामात आणणारा माणूस. वणीच्या बाजारातल्या अरुंद गल्लीतून पिकअप मागे कशी घ्यायची हे त्याने मला खाली उभे राहून, हाताने पत्र्यावर थाप देत शिकवले होते.

संध्याकाळी मी त्याला बाजूला घेतले. त्याने काहीही नाकारले नाही. "आईला दवाखान्यात ठेवलंय. सहाच्या आत पोचायचं होतं," एवढेच तो म्हणाला, आणि थोडे थांबून पुढे म्हणाला, "तू पण काल-परवापर्यंत गाडीवरच होतास ना?" खोट्या नोंदीचा अहवाल मला लिहावा लागला. त्यात आईच्या आजाराचे कारणही मी लिहिले, दुसऱ्या दिवसापासून त्याला शहरातला जवळचा मार्ग दिला आणि आजींची औषधे सकाळच्या पहिल्या गाडीने पाठवली. त्याचा दोन दिवसांचा पगार कापला गेला आणि चार महिने तो माझ्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलला नाही. आज विचार करतो तेव्हा अहवाल लिहिला याचे मला दुःख होत नाही. दुःख होते ते त्या सकाळी साडेसहाला रनशीट टेबलावर ठेवून देताना मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही याचे. त्याच वेळी "घरी सगळं बरं आहे ना?" एवढे विचारले असते तर अकरा पार्सले दुसऱ्या गाडीत टाकता आली असती. तेव्हापासून मी रनशीट टेबलावर ठेवून देत नाही, प्रत्येकाच्या हातात देतो.

म्हणून जो मला विचारतो त्याला मी उलट विचारतो की, ज्याच्या डब्यातले तू जेवतोस त्याला "आज तुझे चुकले" असे तोंडावर सांगता येईल का, आणि सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्याच अडचणीसाठी साहेबांशी वाद घालता येईल का. दोन्ही जमले पाहिजे. फक्त पहिले जमणारा माणूस मुकादम होतो आणि फक्त दुसरे जमणारा सगळ्यांचा लाडका होतो, पण अशाच्या हाती गाड्या वेळेवर निघत नाहीत. सर्वांत जास्त पार्सले वाटणाऱ्यालाच बढती देण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला म्हणूनच पटत नाही. नवा मुलगा आला की कोणीही न सांगता त्याला कागदावर गल्ल्या काढून देणारा चालक मला त्याच्यापेक्षा अधिक योग्य वाटतो, मग त्याची दिवसाची वाटप चार-पाच पार्सलांनी कमी का असेना.

आता पैशांविषयी, कारण येथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. चालक असताना माझा मूळ ठरलेला पगार १७,८०० रुपये होता आणि ओव्हरटाइम व इन्सेन्टिव्ह धरून साधारण महिन्याला २२,००० हातात पडत. दिवाळीच्या महिन्यात त्याहून बरेच जास्त. सुपरवायझर झाल्यावर २३,५०० ठरले आणि ओव्हरटाइम, इन्सेन्टिव्ह दोन्ही बंद झाले. म्हणजे साध्या महिन्यात खरी वाढ दीड हजाराची. त्याच वेळी माझे ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, संरक्षण गेले. २०१७ पासून ईएसआयसाठी पगाराची मर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे आणि तीत ओव्हरटाइम धरला जात नाही. त्यामुळे चालक असताना मी तीत बसत होतो, सुपरवायझर होताच बसेनासा झालो. कामगाराच्या पगारातून यासाठी पाऊण टक्का, म्हणजे माझ्या बाबतीत महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास कापले जात, आणि तेवढ्यात घरातल्या सगळ्यांचा औषधोपचार होत असे. माझ्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात एक पैसाही न लागता झाले होते. ते संरक्षण गेल्यावर कुटुंबाचा आरोग्य विमा घेतला, त्याचा हप्ता वर्षाला अठरा हजारांच्या घरात गेला. दीड हजाराने बारा महिने गुणले की अठरा हजारच होतात. पहिल्या वर्षी बढतीतून माझ्या घरात एक रुपयाही जादा आला नाही.

एक सोय मात्र ठाऊक असावी. ईएसआयचे वर्गणीचे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन असतात, आणि मध्येच पगार मर्यादेपुढे गेला तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. म्हणून पगारवाढ एप्रिल किंवा ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीनंतर लागू झाली तर नवा विमा शोधायला जवळजवळ सहा महिने मिळतात. घरात कोणी आजारी असेल, बाळंतपण जवळ आले असेल, तर ही तारीख पगाराच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते.

कायद्याचीही एक बाजू आहे. औद्योगिक कायद्यात "कामगार" या शब्दाला ठरलेला अर्थ आहे; कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई कामगाराला मागता येते. देखरेखीचे काम करणारा आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस या व्याख्येतून बाहेर पडतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही रक्कम २०१० च्या दुरुस्तीनंतर दरमहा १०,००० रुपये होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० केली आहे. न्यायालये पदाच्या नावापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो हे पाहतात, हे खरे. पण ज्याच्यावर वेळ येते त्याला ते सिद्ध करण्यात वर्षे घालवावी लागतात. नोकरीला असलेले हे कायद्याचे संरक्षण जाईल हे मान्य करूनच सही करावी.

सही करण्याआधी नियुक्तिपत्रावर कोणाचे नाव आहे तेही नीट वाचावे. चालक पुष्कळदा कंत्राटदाराच्या पटावर असतात आणि सुपरवायझर कंपनीच्या, त्यामुळे बढती म्हणून जे सांगितले जाते तो कागदावर जुन्या नोकरीचा राजीनामा आणि नवी नोकरी असते. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, पाच वर्षांची सलग सेवा लागते हा आजवर चालत आलेला नियम आहे, आणि साडेचार वर्षे झालेला माणूस असा राजीनामा देऊन मोकळा झाला की ती वर्षे पाण्यात जातात. माझ्या डोळ्यांसमोर दोघांचे असे झाले. भविष्य निर्वाह निधीतली रक्कमही त्या वेळी काढून घेऊ नये, त्याच यूएएनवर (निधीच्या कायमच्या क्रमांकावर) नव्या खात्यात वळती करावी.

एवढे सगळे मोजूनही मी गेलो आणि आज पुन्हा विचारले तरी जाईन. चैत्रात सप्तशृंगीची यात्रा भरते तेव्हा खासगी वाहने गडाच्या पायथ्याच्या नांदुरीला अडवली जातात आणि गडावर फक्त एसटीच्या बस जातात. गडावरच्या दुकानदारांची पार्सले त्या दिवसांत वाटणे शक्य नसते, पण दूरच्या कार्यालयात संगणकासमोर बसलेल्या माणसाला तिथे फक्त न वाटलेली अडतीस पार्सले आणि चालकाचे नाव दिसते. मी चालक असताना दर चैत्रात या कारणाने बोलणी खाल्ली होती. सुपरवायझर झाल्यावर पहिल्याच वर्षी यात्रेच्या आठवडाभर आधी मी गडाची पार्सले वेगळी काढायला लावली, दुकानदारांना फोन करून तारखा बदलून घेतल्या, आणि वरिष्ठांना पत्र पाठवून त्या मार्गाची आकडेवारी त्या दिवसांपुरती बाजूला ठेवून घेतली. त्या चैत्रात आमच्या एकाही चालकाला नोटीस आली नाही. रस्ता माहीत असलेला माणूस टेबलामागे बसला तर गाडीवरच्या माणसांचे काय भले होते, हे मला तेव्हा दिसले, आणि ज्याला हे करावेसे वाटते त्याने पगाराचा हिशेब थोडा उणा आला तरी जावे असे मला मनापासून वाटते.

जाताना लायसन्स मात्र मरू देऊ नये. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि मुदत संपून एक वर्ष उलटले की पुन्हा चाचणी द्यावी लागते. आणि शक्य असेल तर थेट पद घेण्याऐवजी तीन महिने प्रभारी म्हणून काम मागावे, शक्यतो दिवाळीचा मोसम त्यात येईल असे. त्या काळात ओव्हरटाइम चालू राहणार की नाही, आपला मार्ग तोवर कोणाकडे राहील, आणि नाही जमले तर तोच मार्ग परत मिळेल का, ही तिन्ही उत्तरे साहेबांकडून तोंडी न घेता ईमेलवर मागावीत आणि ती ईमेल घरच्यांनाही वाचून दाखवावी.