टाकीत छान, बाटलीत लोणी

टाकीतून चाखली तेव्हा बिअर स्वच्छ होती. बाटलीत भरली, आठ-दहा दिवसांनी उघडली, तर लोण्याचा वास. असं झालं की पहिला आळ भांडी धुणाऱ्यावर येतो. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतोच.

हा वास डायअसिटिल या रसायनाचा. विरजण लावलेल्या सायीच्या लोण्याला जो खास वास येतो तोही मुख्यतः याचाच. लोण्यात हवाहवासा, पण लागरमध्ये (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरमध्ये) लिटरला साधारण 0.1 मिलिग्रॅम झाला तरी खटकतो.

गोम अशी की यीस्ट डायअसिटिल थेट बनवत नाही. व्हॅलिन हे अमिनो आम्ल तयार करताना अल्फा-असिटोलॅक्टेट पेशीतून बाहेर झिरपतं. त्याला वास नाही, म्हणून टाकीत काही कळत नाही. नंतर ते आपोआप डायअसिटिलमध्ये बदलतं, पण थंडीत फार सावकाश. यीस्ट अजून कामात असेल तर ते डायअसिटिल परत आत ओढून निकामी करतं. आंबवणं संपल्या संपल्या टाकी 2 अंशांवर नेली की मात्र यीस्ट तळाशी बसतं आणि तो कच्चा माल बिअरमध्ये तसाच राहतो. पुढे बाटली उबेला आली की लोणी तयार, आणि ते आवरायला पुरेसं यीस्ट उरलेलं नसतं.

म्हणून टाकी थंड करण्याआधी ही चाचणी कराच. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्यांत 100-100 मिली बिअर घ्या. एक 60 ते 70 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा, दुसरी तशीच राहू द्या. दोन्ही सारख्या तापमानाला आल्या की झाकण उचलून लगेच हुंगा. दोन्ही स्वच्छ असतील तर खुशाल थंड करा. फक्त तापवलेलीला वास आला तर आणखी दोन दिवस 18 अंशांवर ठेवून पुन्हा तपासा. दोन्हींना वास असेल तर यीस्ट अजून काम करतंय किंवा थकलंय. थकलं असेल तर 20 लिटरला जोरात फसफसणारं दोन लिटर ताजं वॉर्ट (मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोड काढा) घाला.

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून 11-12 अंशांवरची लागर शेवटच्या ग्रॅव्हिटीपासून (पाण्याच्या तुलनेतल्या घनतेपासून) चार-पाच पॉइंट, म्हणजे हजारांश, वर असतानाच, म्हणजे 1.011 अपेक्षित असेल तर 1.016 ला, 17-18 अंशांवर न्या आणि दोन-तीन दिवस तिथेच ठेवा. शेवटपर्यंत थांबलात तर यीस्टचा जोर ओसरलेला असतो.

एक अपवाद. केगमधून (बिअरच्या पिंपातून) थेट काढलेली बिअर स्वच्छ आणि नळातून आलेली लोणकट, आंबूस असेल तर दोष नळीतल्या जिवाणूंचा. दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकने लाइन धुवा आणि नळ सुटा करून घासा. वरवर पाणी सोडून काही होत नाही.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास ही वेगळी भानगड. फिकट पिल्सनर मॉल्ट असेल तर वॉर्ट 90 मिनिटं उकळा, तेही झाकण न ठेवता, नाहीतर उडून जाणारी वाफ परत भांड्यात गळते. मग वॉर्ट लवकर गार करा.

आणि दवाखान्यासारखा वास आला तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बघा. मॉल्टमधल्या फिनॉलशी ते जुळलं की ती बिअर ओतूनच द्यावी लागते. इलाज आधीच करायचा, मॉल्ट भिजवण्यापूर्वी. स्क्वॅश टिकवायला घालतात तेच केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), 20 लिटर पाण्याला 0.12 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एवढं मोजता येत नाही, म्हणून 1 ग्रॅम 100 मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातलं 12 मिली घालून ढवळा. पाच-दहा मिनिटं पुरे. उरलेलं द्रावण पुढच्या खेपेला ठेवू नका, त्याचा जोर जातो.