माशांच्या टाकीत झाडे खरी की कृत्रिम: माझा अनुभव

माशांच्या टाकीत खरी झाडे लावावीत की कृत्रिम, हे ठरवण्यात माझे जवळपास दीड वर्ष गेले. या काळात मी दोन्ही प्रकार वापरले, दोन्हींत चुका केल्या आणि त्या निस्तरल्याही. या वाटेवर जो नुकताच उभा आहे त्याला उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी टाकी 60 सेंटीमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर 54 लिटरची. तिच्यात एकच नर फायटर मासा होता, गडद निळा, लांब झुळझुळीत परांचा. सुरुवातीला मी प्लास्टिकची झाडे निवडली आणि त्यामागे मला तेव्हा पटलेले कारण होते: मासा सांभाळायलाच अजून शिकायचे आहे, त्यात झाडे जगवण्याची जबाबदारी कशाला घ्या. प्लास्टिक कुजत नाही, त्याला ठरावीक प्रकाश लागत नाही, खत लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात माशाच्या शेपटीला एक उभी चीर दिसली. पर सडण्याचा रोग असेल या भीतीने मी तासभर काचेसमोर बसून निरीक्षण केले. रोगात पराची कड सहसा झिजत जाते, विस्कटते आणि तिच्यावर काळपट किंवा पांढरट झाक येते. इथे मात्र कापड खिळ्याला अडकून फाटावे तशी स्वच्छ चीर होती, बाकीची कड निरोगी होती आणि मासाही नेहमीसारखा खात होता. मग मी झाडे बाहेर काढली आणि प्रत्येक पानावरून नायलॉनचा जुना पायमोजा हलकेच फिरवून पाहिला. साच्यातून निघताना पानांच्या कडेला राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या टोकांत धागा ठिकठिकाणी अडकला. जिथे पायमोजा अडकतो तिथे फायटरसारख्या माशाचा पर फाटू शकतो, हे त्या दिवशी मला हाताला कळले. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि कोणतेही कृत्रिम झाड पाण्यात सोडण्यापूर्वी ती करावीच, असे माझे ठाम मत आहे. पाणी स्वच्छ ठेवल्यावर ती चीर औषधाशिवाय भरून आली.

प्लास्टिकच्या जागी मी रेशमी कापडाची झाडे आणली. मासा त्यांच्यात निर्धास्त वावरू लागला, पानांआड लपू लागला, आणि आडोशाची गरज तर नक्कीच भागली. पण दोन गोष्टी राहून राहून जाणवत होत्या. एक म्हणजे कापडावर साचणारे तपकिरी शेवाळ, जे दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने घासावे लागे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. माशाच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. माझ्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य असत, म्हणजे जिवाणू आपले काम चोख करत होते, पण नायट्रेट मात्र आठवडाअखेरीस लिटरला 40 मिलिग्रॅमपर्यंत चढे. ते कमी करण्याचा पाणी बदलण्याखेरीज दुसरा मार्ग त्या टाकीत नव्हता. कृत्रिम झाडाच्या पृष्ठभागावर जिवाणू वस्ती करतात, तेवढी मदत ते करते. मात्र पाण्यातून ते स्वतः काहीच शोषून घेत नाही.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगाविषयी वाचले. त्याने 1850 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत एका भांड्यात सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली होती. काही दिवसांत वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि भांड्यातला तोल सावरला. मला यात सर्वांत मोलाचे वाटले ते हे की खऱ्या झाडांसोबत कुजणारी पानेही येतात, हे त्याने आरंभीच पाहिले होते आणि त्याचा उपायही त्याच पाण्यात शोधला होता.

मी जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन अशी तीन झाडे आणली, कारण तिन्हींना मंद प्रकाश चालतो आणि कार्बन डायऑक्साइडचा वेगळा पुरवठा लागत नाही. तरीही पहिला महिना वाईट गेला. क्रिप्टोकोरीनची पाने दहा दिवसांत पारदर्शक, चिकट होऊन गळाली. जावा फर्न बुडाशी काळे पडले. प्रकाश जास्त मिळाला तर झाडे सावरतील या समजुतीने मी दिवा रोज दहा तास चालू ठेवला आणि काचेवर हिरव्या शेवाळाचा थर चढला. एका रात्री मी सगळी झाडे काढून टाकण्याच्या बेतात होतो.

कारणे एकेक करून उलगडली. विक्रीसाठीच्या बऱ्याच पाणवनस्पती मुळे ओल्या आणि पाने हवेत अशा पद्धतीने वाढवलेल्या असतात. पाण्याखाली गेल्यावर ती जुनी पाने टिकत नाहीत आणि झाड पाण्यात जगणारी नवी पाने काढते. क्रिप्टोकोरीन तर जागा किंवा पाणी बदलले तरी पाने टाकते, पण वाळूतली मुळे शाबूत असतात. मी ती उपटली नाहीत हे बरे झाले, कारण पाचव्या आठवड्यात वाळूतून तांबूस रंगाचे, गुंडाळलेले, नखाएवढे पान वर आलेले दिसले. जावा फर्नच्या बाबतीत मात्र चूक पूर्णपणे माझी होती. या झाडाचे, आणि अनुबियासचेही, आडवे जाड खोड वाळूत पुरायचे नसते. पुरले की ते कुजते. मी काळा पडलेला भाग धारदार कात्रीने कापून टाकला, उरलेले खोड सुती दोऱ्याने ओल्या लाकडाच्या ओंडक्याला बांधले आणि दिव्याला टायमर लावून प्रकाश सात तासांवर आणला. मुळांनी ओंडका धरेपर्यंत दोरा टिकतो, नंतर तो हळूहळू विरून जातो.

पुढे जावा फर्नच्या जुन्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडू लागली, जे बहुधा पोटॅशियमच्या कमतरतेचे लक्षण असते. आठवड्यातून एकदा थोडे द्रवखत दिल्यावर नवी पाने धड येऊ लागली. पानांच्या मागच्या बाजूला ओळीने दिसणारे तपकिरी ठिपके पाहूनही मी घाबरलो होतो, पण फर्नला बी नसते, ते बीजाणूंनी वाढते, आणि ते ठिपके म्हणजे बीजाणूंचेच पुंजके होते. भिंगातून ते फार सुंदर दिसतात.

झाडांबरोबर गोगलगायींची अंडीही आली. पानामागे जेलीचा पारदर्शक थेंब दिसला की तो मी नखाने खरवडून काढतो. आणि खाद्य बेताचे टाकल्यापासून त्यांची संख्याही आटोक्यात आहे. आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. झाडे पाण्यात प्राणवायू सोडतात ती उजेडात. हे यान इंगेनहाउस या डच शास्त्रज्ञाने 1779 मध्येच पाण्यात बुडवलेल्या पानांवरील बुडबुड्यांवरून दाखवून दिले होते. रात्री झाडेही माशांप्रमाणे प्राणवायूच वापरतात, म्हणून दाट झाडे असली तरी फिल्टरने पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणे सोडू नये.

सहा महिन्यांनी तेवढेच खाद्य आणि तेवढाच पाणीबदल असताना नायट्रेट 15 मिलिग्रॅमच्या आसपास राहू लागले. फायटर मासा पृष्ठभागाजवळच्या अनुबियासच्या रुंद पानावर पोट टेकवून विसावतो आणि अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. हवेतला प्राणवायू घेण्यासाठी त्याच्या डोक्यात खास इंद्रिय असते. रेशमी झाडावर तो कधी असा टेकलेला मी पाहिला नाही, कारण ते कापड त्याच्या भाराने लवत असे.

आता कोणी विचारले तर मी आधी मासे कोणते आहेत ते विचारतो. सोनमासे कोवळी पाने कुरतडतात आणि वाळू उकरून मुळे उपटतात, त्यामुळे तिथे ओंडक्याला बांधलेले अनुबियास टिकले तर टिकते, नाहीतर मऊ कापडी झाड हाच सुज्ञ पर्याय. शांत, लहान मासे असतील तर मी खरी झाडेच सुचवतो, आणि पहिल्या दोन महिन्यांत गळणाऱ्या पानांकडे पाहून निर्णय बदलू नये, एवढे आवर्जून सांगतो.

माझी रेशमी झाडे मी टाकून दिलेली नाहीत. आजारी किंवा नव्या माशाला वेगळे ठेवण्यासाठी एक लहान टब आहे, ज्यात मीठ आणि कधीकधी औषध घालावे लागते. ते बऱ्याच खऱ्या झाडांना सोसत नाही. घाबरलेल्या माशाला तिथेही आडोसा लागतोच. काम झाले की ती झाडे गरम पाण्याने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मी टबाशेजारी ठेवून देतो.